तौबा आणि बंद्याचा हक्क : इस्लामी क्षमाविचाराचे एक अंग

१. प्रास्ताविक

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही नगरे लागोपाठ लागतात. वाटेत उजव्या हातास मलंगगडाची डोंगररांग दिसू लागते. या गडाच्या माचीवर हाजी मलंग यांचा दर्गा असून माघ पौर्णिमेस तेथे उरूस भरतो. अंबरनाथ गावात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले शिवालय उभे आहे. उल्हासनगर ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली. अशा रीतीने काही मैलांच्या टापूत धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ताची, इस्लाममधील तौबेची आणि सिंधी सूफींच्या भक्तिमार्गाची अशा तीन परंपरा शेजारी नांदत आल्या आहेत. अपराध घडल्यावर माणसास परत फिरता येते काय आणि त्याला क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या तिन्ही परंपरांना सोडवावा लागला आहे.

प्रस्तुत लेखात यांपैकी इस्लामने दिलेल्या उत्तराचा विचार करावयाचा आहे. हा विषय मराठी वाचकास परका नाही. उलट त्याचे बहुतेक पारिभाषिक शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. परंतु ते ज्या वाटेने मराठीत आले त्या वाटेमुळेच त्यांच्या मूळ अर्थाविषयी काही गैरसमज संभवतात. म्हणून आरंभी शब्दांचा, नंतर सिद्धांताचा आणि शेवटी या परिसराच्या संदर्भात उभ्या राहणाऱ्या प्रश्नांचा परामर्श घेणे सोयीचे होईल.

२. कचेरीतून आलेले शब्द

‘गुन्हा’, ‘माफी’, ‘कबूल’, ‘हक्क’ आणि ‘तोबा’ हे पाच शब्द पाहावेत. फारसीत ‘गुनाह’ म्हणजे पाप, ईश्वराच्या आज्ञेचे उल्लंघन. मराठीत मात्र गुन्हा हा दंडविधानाचा शब्द झाला. पापास आपण गुन्हा म्हणत नाही. ‘माफ’ हा शब्द अरबीतील ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ पुसून टाकणे असा आहे. वाऱ्याने वाळूवरील पाऊलखुणा पुसाव्यात तसे. मराठीत सारा माफ होतो, फी माफ होते, शिक्षा माफ होते. ‘कबूल’ म्हणजे स्वीकृत. मुसलमान भाविक तौबा कबूल व्हावी अशी प्रार्थना करतो, तर आपण जबाब कबूल करतो. ‘हक्क’ या शब्दास अरबीत सत्य, देणे व अधिकार अशा अर्थच्छटा आहेत, आणि अल्लाहच्या नावांतही तो येतो. मराठीत तो वतनाच्या व वहिवाटीच्या कागदांतून रूढ झाला.

याचे कारण उघड आहे. बहमनी राज्यापासून पुढे निजामशाही व आदिलशाहीच्या काळात फारसी ही दरबाराची व दप्तराची भाषा होती. हे शब्द मराठीत मशिदीच्या मार्गाने फारसे आले नाहीत. ते कचेरीच्या मार्गाने आले आणि येताना कचेरीचा अर्थ घेऊन आले. धर्मभावनेच्या क्षेत्रात मराठीने आपले ‘अनुताप’, ‘पश्चात्ताप’ व ‘क्षमा’ हेच शब्द राखले. ‘तोबा’ हा एकटा शब्द कचेरीतही गेला नाही व देवघरातही गेला नाही. ‘तोबा तोबा’ या उद्गारात आणि ‘तोबा गर्दी’ या शब्दप्रयोगात तो अडकून पडला.

परिणाम असा होतो की ‘अल्लाह गुन्हे माफ करतो’ हे वाक्य ऐकताच मराठी वाचकाच्या मनापुढे न्यायासनावर बसलेला एक हाकीम उभा राहतो. अर्ज आला, मर्जी झाली, दंड माफ झाला असे ते चित्र असते. हे चित्र एका बाबतीत अपुरे आहे आणि दुसऱ्या एका बाबतीत आश्चर्यकारक रीतीने अचूक आहे. या दोन बाबी वेगळ्या करून दाखविणे हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू होय.

३. तौबा म्हणजे परतणे

अरबीत ‘तौबा’ या शब्दाचा मूळ अर्थ परत फिरणे असा आहे. हिब्रू भाषेत यहुदी धर्मशास्त्राने पश्चात्तापासाठी योजलेल्या ‘तशुवा’ या शब्दाचा अर्थही हाच. आपल्या ‘पश्चात्ताप’ या शब्दात मागाहून होणारा दाह प्रधान आहे, तर तौबेत चालण्याची दिशा बदलणे प्रधान आहे. दाह झाला परंतु पाऊल वळले नाही, तर इस्लामी परिभाषेत ती तौबा नव्हे.

या शब्दाचे खरे वैशिष्ट्य याहून निराळे आहे. कुराणात हे क्रियापद माणसाबद्दल वापरले आहे आणि ईश्वराबद्दलही. माणूस ईश्वराकडे वळतो, ईश्वर माणसाकडे वळतो. दोन्ही ठिकाणी धातू एकच. म्हणूनच ‘तव्वाब’, म्हणजे पुनःपुन्हा वळणारा, हे अल्लाहचे एक नाव आहे. आदमाच्या कथेत त्याचा उगम दिसतो. आदमाच्या हातून आज्ञाभंग घडला, तेव्हा क्षमायाचनेचे शब्दही त्याला ईश्वराकडूनच मिळाले आणि ईश्वर त्याच्याकडे वळला, असे कुराण सांगते. तो अपराध तेथेच मिटला. तो पुढील पिढ्यांवर वारशाने येत नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुराणाचे वारंवार येणारे सूत्र आहे. त्यामुळे वंशागत पापाची कल्पना इस्लाममध्ये नाही आणि कोणा एकाने सर्वांच्या पापांचे परिमार्जन करावे अशी अपेक्षाही नाही.

या उभयपक्षी वळण्याचे सर्वांत बोलके उदाहरण कुराणाच्या नवव्या अध्यायात आहे. एकशे चौदा अध्यायांपैकी ज्याच्या आरंभी दयाळू ईश्वराचे नामस्मरण नाही असा हा एकच अध्याय; आणि त्याचेच नाव ‘तौबा’ असावे हे लक्षणीय आहे. हिजरी सन ९, म्हणजे इ.स. ६३० मध्ये पैगंबर तबूकच्या मोहिमेस निघाले. ऐन उन्हाळ्याचे दिवस होते, फळे पिकली होती. मदिनेतील काही लोक मागे राहिले. मोहीम परतल्यावर ऐंशीच्या आसपास लोकांनी सबबी सांगितल्या आणि त्या वरवर मान्यही झाल्या. काब बिन मालिक, मुरारा बिन रबी व हिलाल बिन उमय्या या तिघांनी मात्र सबब न सांगता चूक कबूल केली. त्यांच्याशी कोणी बोलू नये असा आदेश निघाला. चाळीस दिवसांनंतर त्यांनी पत्नींपासूनही दूर राहावे असे सांगण्यात आले. याच काळात घस्सानच्या राजाकडून काबला आश्रयाचे पत्र आले, ते त्याने भट्टीत जाळून टाकले. पन्नासाव्या रात्रीनंतरच्या पहाटे क्षमेची वार्ता आली.

या प्रसंगाविषयी कुराणाने केलेले विधान सूक्ष्म आहे. त्याचा आशय असा की पृथ्वी एवढी विस्तीर्ण असूनही त्या तिघांना ती अपुरी झाली. ईश्वरापासून पळून जावयाचे तर आश्रय ईश्वराचाच, हे त्यांना उमगले. आणि मग ईश्वर त्यांच्याकडे वळला, ते अशासाठी की त्यांनीही वळावे. म्हणजे माणसाच्या परतण्याआधी ईश्वराचे वळणे आहे. हाकिमाचे चित्र येथे अपुरे पडते, कारण अर्जदार येण्याची वाट पाहत हाकीम आसनावर बसून राहतो. एका प्रसिद्ध हदीसमध्ये हाच भाव दृष्टांताने सांगितला आहे. निर्जन वाळवंटात अन्नपाण्यासह हरवलेला उंट मरणाची वाट पाहत असलेल्या प्रवाशास अचानक समोर दिसावा, तेव्हा त्यास जो आनंद होईल त्याहून अधिक आनंद ईश्वरास दासाच्या परतण्याने होतो. हरवलेले सापडल्याचा हा आनंद आहे.

४. तौबेच्या अटी

परंतु परतणे म्हणजे केवळ मनाची हळहळ नव्हे. इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी आपल्या ‘इह्या’ या महाग्रंथाच्या चौथ्या भागाचा, म्हणजे तारक गुणांच्या विवेचनाचा, प्रारंभ तौबेच्या प्रकरणानेच केला आहे. त्यांच्या मते तौबा ही ज्ञान, अवस्था व कृती या तिहींची साखळी होय. पापाने आपली हानी झाली हे कळणे हे ज्ञान. त्या कळण्याने होणारी तळमळ ही अवस्था. आणि त्या तळमळीतून कृती. ही कृती तिन्ही काळांना स्पर्श करते. वर्तमानात पाप सोडावयाचे, भविष्यासाठी निश्चय करावयाचा आणि भूतकाळात जे बिघडले ते शक्य तितके भरून काढावयाचे.

इमाम नववी (मृत्यू इ.स. १२७७) यांनी हीच गोष्ट नियमांच्या भाषेत मांडली. अपराध केवळ ईश्वर व दास यांच्यामधील असेल तर अटी तीन : तो सोडणे, त्याचा खेद वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. अपराधाचा संबंध दुसऱ्या माणसाशी असेल तर चौथी अट येते : त्या माणसाचा हक्क चुकता करून मोकळे होणे.

यापैकी पहिल्या प्रकारच्या अपराधांबाबत इस्लामचे धोरण अत्यंत उदार आहे. स्वतःवर अत्याचार केलेल्या दासांनी ईश्वराच्या दयेविषयी निराश होऊ नये, असे कुराण बजावते. निराशा हीच एक मोठी चूक मानली गेली. मर्यादा आहे ती काळाची. मृत्यू समोर उभा ठाकेपर्यंत ज्याने दुष्कृत्ये चालू ठेवली आणि मग ‘आता मी तौबा करतो’ असे म्हटले, त्याच्यासाठी ती नाही. मृत्यू केव्हा येईल हे कोणास ठाऊक नसल्यामुळे या अटीचा व्यवहारातील अर्थ एवढाच की परतणे उद्यावर टाकू नये.

शंभर खून करणाऱ्याची कथा येथे आठवते. नव्याण्णव हत्या केलेल्या एका मनुष्याने एका विरक्तास विचारले, ‘मला तौबा आहे काय?’ ‘नाही’ असे उत्तर येताच त्याने त्यासही ठार केले. पुढे एका विद्वानास तोच प्रश्न विचारला. विद्वान म्हणाला, तुझ्या आणि तौबेच्या आड कोण येणार? परंतु हा गाव सोड आणि सज्जनांच्या अमुक गावी जा. तो निघाला आणि वाटेतच मेला. दयेचे व शिक्षेचे देवदूत भांडू लागले, तेव्हा अंतर मोजण्यात आले. तो सज्जनांच्या गावास वीतभर जवळ निघाला आणि दयेच्या दूतांनी त्यास नेले. निराश करणारा विरक्त चुकला, आणि ज्याने आशा दाखवितानाच चालावयासही लावले तो विद्वान बरोबर ठरला, हे या कथेचे मर्म होय.

या विषयावर इस्लाममध्ये मतभेद झाले नाहीत असे नाही. महापातक करणारा धर्मातूनच बाहेर पडतो, असे खारिजी म्हणत. मुतझिलांच्या मते तौबा न करता मेलेल्या महापातक्यास शाश्वत नरक अटळ, कारण ईश्वर न्यायाने बांधलेला आहे. बहुसंख्य सुन्नी पंडितांनी मध्यममार्ग स्वीकारून अशा मनुष्याचा निर्णय ईश्वराच्या इच्छेवर सोपविला. तथापि हा सारा वाद ईश्वराच्या हक्काविषयी आहे. माणसाच्या हक्काविषयी सर्वांची भाषा बरीच एकसारखी आहे.

५. बंद्याचा हक्क

इस्लामी धर्मशास्त्र हक्कांचे दोन वर्ग करते : अल्लाहचा हक्क आणि बंद्याचा हक्क. ‘बंदा’ म्हणजे दास, पर्यायाने कोणताही माणूस. उपासना, व्रत, आज्ञापालन ही पहिल्या वर्गात येतात. दुसऱ्याचे धन, देह व अब्रू ही दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातील येणे ईश्वराचे असल्यामुळे तो ते सोडून देऊ शकतो. दुसऱ्या वर्गातील येणे मात्र तिऱ्हाइताचे आहे. ज्याचे येणे आहे त्याला डावलून ते माफ करणे हे न्यायाशी विसंगत होईल, आणि ईश्वर अन्याय करीत नाही. मराठीतील ‘हक्क’ या शब्दाचा जो दप्तरी अर्थ, तो येथे तंतोतंत लागू पडतो. आपल्या कचेरीतून आलेले चित्र ज्या बाबतीत अचूक आहे असे वर म्हटले, ती बाब हीच.

या नियमाची धार दाखविणारी एक हदीस प्रसिद्ध आहे. खरा दिवाळखोर कोण, असा प्रश्न पैगंबरांनी सोबत्यांस विचारला. ज्याच्यापाशी पैसाअडका नाही तो, असे ते म्हणाले. त्यावर पैगंबरांनी सांगितले की, अंतिम न्यायाच्या दिवशी जो नमाज, रोजे व दानधर्म यांची पुंजी घेऊन येतो, परंतु ज्याने कोणास शिवी दिली, कोणावर आळ घेतला, कोणाचे धन खाल्ले, कोणास मारले, तोच खरा दिवाळखोर. त्याची पुण्ये एकेक करून त्या पीडितांस वाटून दिली जातील. पुण्ये संपली व देणे उरले तर त्यांची पापे त्याच्या माथी येतील. दुसऱ्या एका हदीसनुसार हुतात्म्याचीही सर्व पापे क्षम्य होतात, परंतु कर्ज नाही. वाटमाऱ्याने पकडले जाण्यापूर्वीच तौबा केली तर त्याची विहित शिक्षा टळते, असे कुराणात आहे. तेथेही धर्मशास्त्रज्ञांनी लुटलेल्या मालाविषयीचा व हत्येविषयीचा पीडितांचा दावा कायम ठेवला.

हा विचार आपल्या प्रदेशात केवळ ग्रंथरूपाने आला नाही. दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया (मृत्यू इ.स. १३२५) यांची संभाषणे त्यांचे शिष्य, कवी अमीर हसन सिज्जी यांनी १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवली. ‘फवाइदुल फुआद’ या नावाने तो संग्रह विख्यात आहे. पुढे मुहंमद तुघलकाने राजधानी देवगिरीस नेली, तेव्हा अमीर हसन दौलताबादेस आले आणि तेथेच निवर्तले. त्यांची कबर खुलदाबाद येथे आहे. त्यांच्या संग्रहात तौबेचे वर्तमान, भूत व भविष्य असे तीन प्रकार सांगून भूतकाळाच्या तौबेचे उदाहरण दिले आहे. त्याचा आशय असा : एखाद्याने दुसऱ्याचे दहा दिरहम बळकावले आणि तो नुसता ‘तौबा, तौबा’ म्हणत राहिला, तर ती तौबा नव्हे, दहा दिरहम परत करून त्या माणसास राजी करणे म्हणजे तौबा. मराठीत उरलेला ‘तोबा तोबा’ हा उद्गार आणि मूळ तौबा यांतील अंतर इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखविले असेल.

परतफेडीचा हा आग्रह एका धर्माची मिरासदारी नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात चोरीच्या प्रायश्चित्ताबरोबर चोरलेली वस्तू परत करण्याचे विधान आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात पातक व प्रायश्चित्त यांचा जो विस्तृत ऊहापोह केला आहे, तो या तुलनेसाठी अभ्यासकांनी अवश्य पाहावा. इस्लाममध्येही प्रायश्चित्तासारखे विधी आहेत. त्यांस ‘कफ्फारा’ म्हणतात. शपथ मोडल्यास दहा गरिबांस जेवू घालावे किंवा वस्त्रे द्यावीत, अथवा गुलाम मुक्त करावा. सामर्थ्य नसल्यास तीन दिवस रोजे ठेवावेत. परंतु कफ्फाऱ्याने शेजाऱ्याचे ऋण फिटत नाही.

६. क्षमा मागणारा आणि क्षमा करणारा

धन परत करणे त्यातल्या त्यात सोपे, अब्रूचे काय? एखाद्याची पाठीमागे निंदा केली असेल तर त्याच्याकडे जाऊन ते सांगावे व क्षमा मागावी, असा सर्वसाधारण नियम. परंतु सांगण्यानेच नवे दुःख व नवे वैर उत्पन्न होणार असेल तर? अशा प्रसंगी, ज्या बैठकीत निंदा केली त्याच बैठकीत त्याचे गुण सांगावेत आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे मत इब्न तैमिया यांच्यासारख्या पंडितांनी मांडले. पीडिताच्या हिताकडे पाहून नियम वाकविण्याची ही दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे.

उलट बाजूने, ज्याच्यावर अन्याय झाला त्याने क्षमा केलीच पाहिजे अशी सक्ती नाही. अन्यायाइतकाच प्रतिकार करण्याची त्यास मुभा आहे; मात्र जो क्षमा करतो व सलोखा साधतो त्याचे पारितोषिक ईश्वराकडे आहे, असे कुराण सांगते. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्यावर काहींनी आळ घेतला होता. त्यांत मिस्तह नावाचा एक गरीब नातेवाईक होता, आणि त्याचा उदरनिर्वाह आयेशांचे वडील अबू बक्र यांच्या मदतीवर चालत असे. आयेशा निर्दोष ठरल्यावर अबू बक्र यांनी त्यास यापुढे काही न देण्याची शपथ घेतली. त्या वेळी अवतरलेल्या वचनाचा आशय असा की, समर्थांनी आप्तांस व गरजूंस देणे बंद करण्याची शपथ घेऊ नये, क्षमा करावी. ईश्वराने आपणांस क्षमा करावी असे तुम्हांस वाटत नाही काय? अबू बक्र यांनी मदत पूर्ववत सुरू केली. मुलीवर आळ घेणाऱ्यास पुन्हा पोसणे किती अवघड असेल याची कल्पना करावी. म्हणजे ही क्षमा हुकमाने मिळविलेली नसून विनवून मिळविलेली आहे हे ध्यानात येईल.

७. मलंगगड आणि मध्यस्थीचा प्रश्न

आता मलंगगडाकडे वळू. परंपरेनुसार हाजी मलंग हे येमेनमधून या प्रदेशात आले. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात या स्थानाची हकीकत आहे. इंग्रजांचे सैन्य माघारी गेल्यावर पेशव्यांनी येथे कल्याणच्या केतकरांच्या हस्ते भेट पाठविल्याचे त्यात सांगितले असून, दर्ग्याची वहिवाट या ब्राह्मण घराण्याकडे चालत आली. या वहिवाटीचे वाद १९५० व १९६० च्या दशकांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नाथपंथी परंपरा या स्थानास मच्छिंद्रनाथांची समाधी मानते. त्या विवादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. आपला प्रश्न निराळा आहे : गड चढून आलेला भाविक ‘बाबा, चूक पदरात घे’ असे म्हणतो, तेव्हा त्या क्षमायाचनेचे इस्लामी सिद्धांतात स्थान कोणते?

यावर मुसलमानांत दोन पक्ष आहेत. संतांच्या द्वारे ईश्वराकडे मागणे योग्य आहे, त्यांची शिफारस फळते, असे दर्गापरंपरा मानणारे म्हणतात. ईश्वर व दास यांच्यामध्ये कोणासही आणू नये, असे सुधारणावादी पक्षाचे म्हणणे. वाद तीव्र असला तरी दोन गोष्टींवर उभय पक्षांचे एकमत आहे. पहिली, पाप क्षमा करणारा ईश्वराखेरीज कोणी नाही. संत फार तर शिफारस करील. इस्लाममध्ये पापनिवेदन ऐकून क्षमा जाहीर करणारा पुरोहितवर्गही नाही. सूफी गुरूच्या हातावर शिष्य प्रथम तौबा करतो, परंतु गुरू तेथे साक्षी असतो. दुसरी गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची : शेजाऱ्याचा हक्क कोणाच्याही शिफारशीने बुडत नाही. गडावर जाऊन जे सुटत नाही ते गड उतरून शेजाऱ्याच्या दारी सोडवावे लागते.

८. हक्कदार सापडत नसेल तर

उल्हासनगरच्या संदर्भात या सिद्धांतापुढे सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. १९४७ नंतर सिंधमधील हिंदू येथे आले आणि येथील कित्येक मुसलमान कराची व हैदराबादेकडे गेले. दोन्हीकडे घरे सुटली, ठेवी राहिल्या, उसनवार राहिली, आणि काही ठिकाणी त्याहून भयंकर गोष्टी घडल्या. ज्याचे घेतले तो सरहद्दीपलीकडे गेला. त्याचा पत्ता नाही. काही वर्षांनी तोही हयात उरला नाही. चौथी अट पुरी करावी कशी?

शास्त्राने याचे उत्तर पायरीपायरीने दिले आहे. हक्कदार मेला असेल तर वारसांस द्यावे. वारसही सापडत नसतील तर तेवढे धन त्या हक्कदाराच्या नावाने दान करावे, म्हणजे त्याचे पुण्य त्यास पोचेल. आणि पुढे तो सापडलाच तर त्याची मागणी मान्य करण्याची तयारी ठेवावी. देण्याची ऐपत नसेल तर देण्याचा निश्चय मनात जिवंत ठेवावा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. अशा प्रामाणिक ऋणकोच्या वतीने ईश्वर त्या धनकोस आपल्या भांडारातून संतुष्ट करील, अशी आशा पंडितांनी दाखविली आहे. येथेही धनकोचा हक्क पुसला जात नाही. ईश्वर तो स्वतः फेडतो. न्याय व दया यांचा मेळ याहून अधिक नाजूकपणे घालणे कठीण.

उल्हासनगरास ही भाषा अपरिचित नव्हती. सिंधी हिंदूंचा सूफी पीठांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध होता. सिंधमधील सूफी कुतुब अली शाह यांचे शिष्य डॉ. रोचलदास हे जन्माने हिंदू व पेशाने वैद्य. फाळणीनंतर ते उल्हासनगरात राहिले आणि तेथेच त्यांच्याभोवती भक्तसमुदाय जमला. ज्या प्रदेशातून निघावे लागले त्याच प्रदेशातील मुसलमान गुरूचे ऋण उराशी बाळगून एक मनुष्य निर्वासितांच्या छावणीत राहिला, ही घटना क्षमाविचाराच्या अभ्यासकास पुष्कळ काही सांगून जाते. हिशेब कोणी कोणाचा चुकता करावयाचा हे ज्या काळात कोणासच कळत नव्हते, त्या काळातही सर्व दारे बंद झाली नव्हती.

९. समारोप

सारांश, तौबेच्या कल्पनेत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. ईश्वराच्या बाजूने पाहता ती केवळ दंडमाफी नव्हे. ती उभयपक्षी परतणे आहे, आणि पहिले पाऊल ईश्वराचे आहे. माणसाच्या बाजूने पाहता तिच्यात एक कठोर व्यवहार आहे. दहा दिरहम परत केल्याखेरीज ती पुरी होत नाही. पहिल्या अंगाकडेच पाहिले तर क्षमा स्वस्त होते, आणि दुसऱ्याकडेच पाहिले तर माणूस निराश होतो. हा तोल राखणे हे इस्लामी क्षमाविचाराचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

मराठीच्या अभ्यासकासही यात एक धडा आहे. ‘गुन्हा’, ‘माफी’, ‘हक्क’ हे शब्द आपण कचेरीतून घेतले आणि त्यांची दुसरी बाजू घेण्याचे राहून गेले. ‘तोबा’ तर आपण उद्गारापुरताच ठेवला. त्या उद्गारामागे घर सोडून सज्जनांच्या गावाकडे निघालेला आणि वीतभर अंतराने तरलेला एक माणूस उभा आहे, एवढे जरी यापुढे वाचकाच्या ध्यानात राहिले, तरी या लेखाचे प्रयोजन साधले असे मानता येईल.